सरकारवर प्रेम नसणं हा गुन्हा होता तेव्हा

तुम्ही गोरेगावचे असाल तर दिंडोशीचं कोर्ट तुम्हाला माहीत असेल. मी त्याच्यासमोरून शेकडो वेळा गेलेय आणि मला ते कायम ट्रॅफिकमध्ये अडकण्याचं ठिकाण वाटायचं. मीडिया लॉच्या पेपरचा अभ्यास करताना कळलं, की सरकारविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यांचे खटले सेशन्स कोर्टातच चालतात. म्हणजे उद्या तुमच्या-माझ्या एखाद्या पोस्टवरून या भागातल्या पोलीस ठाण्यात असा गुन्हा नोंदवला गेला, तर प्रकरण दिंडोशीला येऊ शकतं. तेव्हापासून ती इमारत जरा वेगळी दिसते.

त्याच पेपरात मी लिहिलं होतं, टिळकांवर देशद्रोहाचा खटला झाला. सरांनी ‘देश’वर लाल रेघ मारून वर ‘राज’ लिहिलं आणि एक मार्क कापला. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, अख्खा विषय त्या लाल रेघेत आहे. टिळकांनी देशाशी द्रोह केला असा आरोप त्यांच्यावर कधीच नव्हता. आरोप होता राज्यकर्त्यांबद्दल लोकांच्या मनात अप्रीती निर्माण केल्याचा.

टिळकांबद्दल तुम्हाला शेंगांची टरफलं आणि गणेशोत्सव माहीत असतो. पण त्यांची आणखी एक ओळख आहे: कायद्याचा पदवीधर असलेला, पुण्यात कायद्याचे क्लास घेणारा आणि तरीही पुन्हा पुन्हा कोर्टात उभा राहिलेला संपादक. जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या केसमध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस ते मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. टिळक तेव्हा २६ वर्षांचे. आपल्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठे, बस्स.

आता त्या कलमाबद्दल. भारतीय दंड विधान आलं १८६० मध्ये, पण राजद्रोहाचं कलम त्यात नव्हतं. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात होतं, ते गळलं. १८७० मध्ये १२४-अ म्हणून ते परत आलं. पहिला गाजलेला खटला १८९१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगबासी’वर झाला, संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला म्हणून. ज्युरीचं एकमत झालं नाही. हे वाचून मी थोडी थांबले, कारण त्या कायद्याला टिळकांचाही विरोध होता. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढीच ती सुधारणा. या बाबतीत आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत माझं टिळकांशी अजिबात पटत नाही. पण म्हणून कुणाला तुरुंगात टाकावं असंही वाटत नाही.

१८९७. पुण्यात प्लेग. घरात शिरून तपासण्या करणाऱ्या गोऱ्या सोल्जरांवर लोक चिडलेले. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त छापून आला, अफझलखानाच्या वधाच्या चर्चेसकट. सोबत शिवाजी महाराज परत येऊन देशाची दशा बघतात अशी एक कविता होती. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. महिनाभरात टिळकांना मुंबईत अटक झाली. खुनाचा किंवा कटाचा आरोप नव्हता. आरोप छापलेल्या शब्दांचा होता.

ज्युरीत सहा युरोपियन, तीन भारतीय. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कलमातल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितला. तो साध्या मराठीत असा, की अप्रीती म्हणजे प्रीती नसणं. जरा विचार करा. सरकारचा तिरस्कार करायला लावणं तर सोडाच, सरकारबद्दल लोकांना प्रेम वाटेनासं होईल असं काही लिहिलं तरी गुन्हा! त्या लिखाणाने कुठे दंगल झाली का, हेही बघायची गरज नाही. निकाल सहा विरुद्ध तीन, १८ महिन्यांची सक्तमजुरी. मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी दयेचा अर्ज केला आणि टिळक वर्षभरात सुटले. पण ते तुरुंगात असतानाच, १८९८ मध्ये सरकारने कलम आणखी पसरट केलं. त्यात द्वेष आणि तुच्छता हे शब्द घातले आणि शेजारी १५३-अ हे नवं कलम आणलं, समाजगटांत वैर पसरवल्याबद्दलचं.

ते नवं कलम टिळकांनाच लागलं, दहा वर्षांनी.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला एका इंग्रज मॅजिस्ट्रेटसाठी टाकलेला बॉम्ब चुकला आणि दोन निरपराध इंग्रज बायका गेल्या. ‘केसरी’त यावर लेखमाला आली. त्यातले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन लेख खटल्यात घेतले गेले. ते मी वाचलेत. टिळक बॉम्बचं कौतुक करत नाहीत, पण सरकारला सोडतही नाहीत. दडपशाही वाढली की असे माथेफिरू निपजतात आणि नवे कडक कायदे हा त्यावरचा इलाज नव्हे, हा एकूण सूर. तो गुळगुळीत नाही. आजही कुणी असं लिहिलं तर आपल्यातले निम्मे लोक कमेंटमध्ये तुटून पडतील.

२४ जूनला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात अटक झाली. जामिनासाठी तरुण बॅरिस्टर जिना उभे राहिले, तो नाकारला न्या. दावर यांनी. हे तेच दावर, ज्यांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता! घराच्या झडतीत एक कार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं होती. टिळकांचं म्हणणं, स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचं म्हणून ती टिपून ठेवली होती. माझ्या सर्च हिस्टरीत या लेखासाठी काय काय शोधलंय ते आठवलं आणि पोटात गोळा आला.

पण खटल्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग भाषेचा आहे. लेख मराठी. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. खास ज्युरी नको, तीत युरोपियन जास्त येतील आणि त्यांना मराठी कळणार नाही, असं बचावाने आधीच सांगितलं होतं. ते ऐकलं गेलं नाही. ज्युरीच्या हातात होतं ते सरकारी भाषांतर. टिळक स्वतःच स्वतःचे वकील झाले, त्यांनी भाषांतराबद्दल सरकारी साक्षीदाराची उलटतपासणी घेतली आणि मग काही दिवसांत मिळून २१ तासांहून जास्त वेळ बोलले. आपण काय लिहिलं हे ज्यांना आपली भाषा येत नाही त्यांना समजावत राहायचं, आणि चुकलं तर काळं पाणी. मी इंटर्न म्हणून रोज दोन-तीन बातम्या इंग्रजीतून मराठीत आणते. एक क्रियापद जरा गरम पडलं की वाक्याचा रोख कसा बदलतो, हे आता कळतं.

२२ जुलैच्या रात्री निकाल आला, सात विरुद्ध दोन. राजद्रोहाचे दोन आरोप, प्रत्येकी तीन वर्षं, म्हणजे सहा वर्षं हद्दपारी. वर १५३-अ खाली हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. त्याच रात्री त्यांना रेल्वेने साबरमतीच्या तुरुंगात नेण्यात आलं. इकडे गिरणगाव पेटलं. गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. गोळीबार झाला, माणसं मेली. यातल्या बहुतेकांना १२४-अ वाचताही आलं नसतं.

पुढे मंडाले. काळ्या पाण्याऐवजी साधी कैद झाली, पण ती ब्रह्मदेशात. तिथे त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं, हे पुस्तकात असतं. पुस्तकात क्वचित असतं ते हे, की जून १९१२ मध्ये पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या आणि टिळकांना तुरुंगात ती बातमी तारेने कळली. जून १९१४ मध्ये मध्यरात्री त्यांना पुण्यात घरी आणून सोडलं.

तिसरा खटला लवकर सांगते, कारण तो ते जिंकले. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगरला होमरूलवर मराठीत भाषणं झाली. पोलिसांच्या लघुलेखकांनी ती टिपून घेतली. या वेळी थेट १२४-अ न लावता चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला: स्वतःचे २० हजार आणि दोन जामीनदारांचे दहा-दहा हजार. नोटीस आली नेमकी २३ जुलैला, साठीच्या सत्कारात लोकांनी एक लाखाची थैली दिली त्याच दिवशी. हायकोर्टात जिना लढले. बादशहा वेगळा आणि नोकरशाही वेगळी, हा फरक टिळकांनी भाषणांत नीट राखला होता. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी सुटी वाक्यं न उचलता भाषणं अखंड वाचली आणि ९ नोव्हेंबरला जामिनाचा आदेश रद्द केला. बघा, माणूस तोच आणि भाषाही तीच. वाचण्याची पद्धत बदलली आणि निकाल बदलला.

कलमाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. स्वातंत्र्यानंतरही ते राहिलं. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने केदारनाथ सिंह खटल्यात त्याला वेसण घातली: नुसती टीका चालेल, हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी नको. ११ मे २०२२ रोजी कोर्टाने त्याचा वापरच थांबवायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि राजद्रोह हा शब्द गेला. आता कलम १५२ आहे, देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दल. जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांबरोबर त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशही स्पष्ट लिहिलेत, म्हणजे आपला फोन. सरकारच्या धोरणावर नापसंती दाखवण्याबद्दल खाली स्पष्टीकरण आहे. स्पष्टीकरण १२४-अ खालीही होतं. टिळकांना दंड झाला ते १५३-अ आता १९६ झालंय.

मुंबई हायकोर्टाच्या ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली, तिथे १९५६ पासून त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. तिचं अनावरण त्याच कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केलं.

टिळक मात्र गेले सरदारगृहात, १ ऑगस्ट १९२० रोजी. बारा वर्षांपूर्वी पोलीस त्यांना घेऊन गेले होते, तीच इमारत. त्या दिवशी पावसात तिथून गिरगाव चौपाटीपर्यंत अलोट गर्दी होती.