डॉ. कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून नावारूपाला आल्या. अशा घरातील मुलीने विज्ञान शिकावे, याचे घरी कोणालाच नवल नव्हते. अडथळा आला तो घराबाहेर.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्ज करणारी व्यक्ती स्त्री होती. गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. कमलाबाई थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला हक्क मागितला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, असेही बजावण्यात आले. ही शेवटची अट अपमानास्पदच होती. तो अपमान गिळून त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे बटाट्याच्या पेशींचा अभ्यास करताना त्यांना ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन आढळले आणि वनस्पतींच्या श्वसनातही ते भाग घेते, असे त्यांनी दाखवून दिले. हे काम समजून घेण्यासाठी आपण पेशीत डोकावू. अन्नातील ऊर्जा पेशी एकदम मोकळी करीत नाही. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून बादली हातोहात पुढे देतात, त्याप्रमाणे विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, इलेक्ट्रॉन पुढे पुढे देतात. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतील एक हात. ही रांग पेशीतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भागात उभी असते.

जागेचे हे महत्त्व किती मोठे आहे, ते पुढे उमगले. प्राण्यांच्या पेशीत हेच सायटोक्रोम सी तंतुकणिकेबाहेर निसटले, तर पेशीचा मृत्यू घडवून आणणारी क्रिया सुरू होते, असे १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले. प्रथिन तेच, परंतु जागा बदलताच कार्य बदलते. पेशीच्या केंद्रकातही असेच आहे. तेथे आनुवंशिक द्रव्याचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. काही विकरे हिस्टोनांवर रासायनिक खुणा करतात आणि कोणते जनुक जागे व्हावे, कोणते निजलेले राहावे, ते पुष्कळसे या खुणांवर अवलंबून असते. म्हणून पेशी त्या विकरांना केंद्रकात नेमक्या ठिकाणी पोहोचविते. ही व्यवस्था बिघडली तर कर्करोगासारखे विकार उद्भवू शकतात.

कमलाबाईंचा पीएच.डी.चा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली पदवी घेऊन त्या भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, नंतर कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा येथे काम करून, १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. गरिबाच्या ताटात काय पडते, हा त्यांचा खरा विषय होता. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना आहारासोबत नीरा दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यात दिसून आले. (आपल्या बस्तरातील सल्फी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना झाडाचा ताजा गोड रस आणि आंबल्यावर मादक होणारा रस यांतील फरक निराळा सांगावयास नको.) या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना काही वर्षे डावलल्यानंतरच लाभले.

१९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या संस्थापक सदस्यांपैकी एक होत्या. वयाच्या ऐंशीनंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांना सत्कारासाठी दिल्लीस बोलावले. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.