हृदयापर्यंत पोहोचलेली नळी

मुलांनो, जिवंत माणसाच्या हृदयाला धक्का लागला की तो दगावतो, अशी एके काळी पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत होती. एका तरुण डॉक्टरांनी स्वतःचा जीव पणाला लावून ती खोटी ठरवली. त्यांचे नाव वेर्नर फोर्समान.

फोर्समान यांचा जन्म १९०४ साली जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आईने कचेरीत नोकरी करून एकुलत्या एका मुलाला वाढवले.

डॉक्टर झाल्यावर ते एबर्सवाल्ड गावच्या इस्पितळात काम करू लागले. घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयापर्यंत नळी नेल्याचे चित्र त्यांनी एका पुस्तकात पाहिले होते. माणसाच्या बाबतीत हे का जमू नये, असे त्यांना वाटले. वरिष्ठांनी परवानगी नाकारली.

हे १९२९ साल होते. उपकरणांची किल्ली परिचारिका गेर्डा डिटझेन यांच्याकडे होती. प्रयोग स्वतःवर करून घ्यायला त्या तयार झाल्या. फोर्समान यांनी त्यांना मेजावर बांधले आणि नळी मात्र गुपचूप आपल्याच डाव्या हाताच्या शिरेत घातली! ही फसवणूकच होती. पण धोका त्यांनी स्वतःकडे घेतला. नळी हातात तशीच ठेवून ते चालत क्ष-किरण विभागात गेले. आरशात पडदा पाहत त्यांनी फोटो काढून घेतला. ६५ सेंटीमीटर आत गेलेली नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसत होती.

कौतुक तर दूरच, पुढे बर्लिनच्या शॅरिटे इस्पितळातील त्यांची जागा गेली. ते मूत्रविकारांचे डॉक्टर झाले. नाझी पक्षाचेही ते सभासद होते. हा त्यांच्या आयुष्यातील डागच. अमेरिकेत कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी हीच पद्धत वाढवली. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

आईच्या पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एका लहान वाहिनीने जोडलेल्या असतात. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. काहींची उघडीच राहते आणि हृदयावर ताण पडतो. पूर्वी ती बंद करायला छाती उघडावी लागे. त्याच शॅरिटे इस्पितळातील डॉ. पोर्स्टमान यांनी मांडीजवळच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन तेथे बूच बसवले. हे त्यांनी १९६७ साली जाहीर केले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचे चुकीचे जोड फार क्वचित आढळतात. त्यांतले कितीतरी आज नळीतून तारेची बारीक गुंडाळी सोडून बंद करतात.

पोर्स्टमान यांचे यश जाहीर झाले, तेव्हा फोर्समान हयात होते. १ जून १९७९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.