निक्सन यांच्या पायातली गुठळी
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन यांच्या पायाच्या शिरेला १९६४ मध्ये सूज आली होती. दहा वर्षांनी, जून १९७४ मध्ये, पश्चिम आशियाच्या दौऱ्यात डावा पाय पुन्हा सुजला. ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला; सप्टेंबरमध्ये रक्ताची गुठळी फुफ्फुसात पोहोचली. ऑक्टोबरमधील शस्त्रक्रियेनंतर ते मरता मरता वाचले आणि १९९४ पर्यंत जगले.

तुम्हाला ठळक कारणाशिवाय गुठळी झाली असेल, तर लक्षात ठेवा: रक्त पातळ करणारी गोळी बंद केल्यावर वर्षभरात साधारण दहापैकी एकाला, दहा वर्षांत तिघांपैकी एकाला ती पुन्हा होते, पुरुषांत जास्त. शस्त्रक्रियेमुळे झालेल्या गुठळीत धोका बराच कमी असतो. गोळी डॉक्टरांना विचारूनच थांबवा. नंतर एक पाय सुजला किंवा अचानक दम लागला, तर लगेच रुग्णालय गाठा.