सुरश्री केसरबाई केरकर

महोत्सवाच्या निमित्ताने मंडणगडच्या आमच्या गायनवृंदापुढे आम्ही एका थोर गायिकेचे चरित्र ठेवीत आहोत. केसरबाईंचा जन्म गोमंतकातील केरी येथे १८९२ साली झाला. बालपणी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँसाहेबांकडे व पुढे रामकृष्णबुवा वझे यांजकडे त्या शिकल्या. परंतु शिक्षण खंडितच राहिले. १९२१ च्या सुमारास, तिशी जवळ आली असता, त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. १९४६ साली गुरू निवर्तेपर्यंत, स्वतः ख्यातनाम झाल्यावरही, त्यांनी ते सोडिले नाही. १९६९ साली त्यांना पद्मभूषण लाभले. १९७७ साली त्यांची भैरवी ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली. त्याच वर्षी त्या निवर्तल्या. कीर्तीनंतरही शिष्य राहणे, हाच खरा विनय होय, असे आम्हांस वाटते.