नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड

नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१ – ४ जून १८६८) हे लंडनमधील डॉक्टर व हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. झाकलेल्या काचपेटीत वनस्पती वाढविण्याची त्यांची पद्धत 'वॉर्ड पेटी' या नावाने प्रसिद्ध आहे. उष्ण प्रदेशांतील शोभेच्या पानांच्या वनस्पती युरोपातील घरांत रुजल्या, त्यात या पेटीचा मोठा वाटा आहे. आजचे 'टेरॅरियम' हे तिचेच रूप होय.

जीवन

वॉर्ड यांचे वडीलही डॉक्टर होते. तेराव्या वर्षी वॉर्ड जमैकाला गेले. तेथील नेचे व ताडवृक्ष पाहून त्यांना वनस्पतींची गोडी लागली. पुढे त्यांनी लंडनच्या पूर्व भागातील वेलक्लोज स्क्वेअर येथे वैद्यकीय व्यवसाय केला. ही गोदीजवळची दाट वस्ती होती. अंगणात हौसेने लावलेले नेचे कोळशाच्या धुराने मरून जात.

काचपेटीचा शोध

१८२९ मध्ये वॉर्ड यांनी एका पतंगाचा कोश काचेच्या बरणीत ओलसर मातीत ठेवून वर झाकण लावले. पतंग बाहेर येण्यापूर्वीच मातीतून एक नेचा आणि एक गवत उगवले. दिवसाच्या उष्णतेने मातीतील ओलावा वर जाई, काचेवर त्याचे थेंब बनत आणि ते पुन्हा मातीत झिरपत. पाणी न घालता ही रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि ती कुजली. नेच्याला घातक होती ती काजळी आणि कोरडी हवा, हे यावरून वॉर्ड यांनी ओळखले. पेटी पूर्णपणे हवाबंद असते हा समज मात्र चुकीचा आहे. फटींतून थोडी हवा आत-बाहेर होते, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. भरपूर उजेडही त्यांना आवश्यक वाटे. स्कॉटलंडमध्ये ए. ए. मॅकोनोची यांनी अशी पेटी आधीच केली होती, परंतु ती प्रसिद्ध केली नव्हती.

समुद्रप्रवासात खारे तुषार आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे दगावत. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी दोन पेट्या सिडनीला पाठविल्या. त्यांतील रोपे सुखरूप पोहोचली. परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातील वनस्पती कडक ऊन आणि हिमवर्षाव सोसून लंडनला जिवंत आल्या. १८४२ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरील कर रद्द होऊन काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत पेट्या दिसू लागल्या.

परिणाम

शहरातील गरिबांच्या खोल्यांत हिरवळ यावी, रुग्णांना शुद्ध हवा मिळावी, ही वॉर्ड यांची इच्छा होती. ती फारशी सफल झाली नाही. पेटीचा खरा लाभ झाला साम्राज्याला. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली आणि चहावरील चीनची मक्तेदारी ढळली. क्विनीन देणारा सिंकोनाही पेट्यांतून भारतात आला. तरीही पेटी म्हणजे हमखास उपाय नव्हे: क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी पेट्यांतून पाठविलेली सिंकोनाची रोपे तग धरू शकली नाहीत.

१८५२ मध्ये वॉर्ड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ससेक्समधील सेंट लिओनर्ड्स येथे त्यांचे निधन झाले. दक्षिण आफ्रिकेतील हरितांच्या (शेवाळींच्या) एका प्रजातीला त्यांच्या नावावरून 'वार्डिया' म्हणतात.