लेविनसाहेब आणि स्वयंपाकघराचं दार

मानसशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याला आठवतो तो फ्रॉइड. कुर्ट लेविनचं नाव अभ्यासक्रमाबाहेर फारसं कुणी घेत नाही. पण मैत्रिणींनो, आपल्या स्वयंपाकघराचा या माणसानं जितका गंभीरपणे विचार केला, तितका फार थोड्या विद्वानांनी केला असेल.

लेविनचा जन्म १८९० चा, तेव्हाच्या प्रशियातल्या आणि आताच्या पोलंडमधल्या मोगिल्नो गावचा. कुटुंब ज्यू. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीकडून लढला, जखमी झाला, पुढे बर्लिनला शिकवू लागला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि लेविनला अमेरिका गाठावी लागली. तिथे पहिली दोन वर्षं काम मिळालं ते कॉर्नेल विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागात! बर्लिनचा हा प्राध्यापक बालवाडीतली मुलं काय खातात, काय नको म्हणतात, ते बघू लागला. मला तर वाटतं, पुढची वाट त्याला तिथेच सापडली.

१९३५ पासून तो आयोवात. दुसऱ्या महायुद्धात मांसाची टंचाई होती, म्हणून घराघरांत गुरांचं हृदय, गुर्दे असे भाग शिजावेत असं सरकारला वाटत होतं. आपल्याकडे काळीज-गुर्दे आवर्जून मागून नेणारी घरं आहेत, पण तिथल्या बायका नाकं मुरडत. खाण्याच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या समितीचं काम मार्गारेट मीड बघत होत्या. लेविन त्यांच्या मदतीला आला.

त्यानं आधी साधा प्रश्न घेतला. ताटात काय येणार, हे ठरवतं कोण? बाजारातून, परसातून घरात काय आत घ्यायचं हे ठरवते ती गृहिणी. तीच दारावरची राखणदार.

मग तेरा ते सतरा बायकांचे सहा गट घेतले. तीन गटांना भाषण दिलं. त्यात जीवनसत्त्वं, देशाची गरज, पाककृती, सगळं होतं. बाकी तीन गटांत बायकांनाच बोलू दिलं. नवऱ्याला आवडत नाही, शिजताना वास येतो, अशा अडचणी निघाल्या. त्यानंतर तज्ज्ञ बाईंनी उपाय सांगितले. शेवटी, आठवड्याभरात कोण करून बघणार, असं विचारून हात वर करायला लावले. नंतर चौकशी केली तेव्हा भाषण ऐकलेल्यांपैकी फक्त ३ टक्के जणींनी नवा पदार्थ केला होता. चर्चेतल्या ३२ टक्के जणींनी!

बचत गटांच्या बैठकांत रक्तक्षयावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. पाहुणे पालेभाज्यांची यादी वाचतात, बायका माना डोलावतात, चहा होतो. मुलगा भाजी ताटाबाहेर काढतो, सासूबाईंना चालत नाही, हे बोलायला वेळच उरत नाही.

याच काळात लेविनची आई नाझींच्या तावडीतल्या युरोपात अडकली होती. तिला सोडवायची त्याची धडपड व्यर्थ गेली. छळछावणीत तिचा अंत झाला. तो स्वतः फेब्रुवारी १९४७ मध्ये हृदयविकारानं गेला, अवघ्या ५६ व्या वर्षी.

प्रयोगात उणिवा होत्याच. पुन्हा चौकशी होणार हे चर्चेच्या गटांना ठाऊक होतं, भाषणाच्या गटांना नव्हतं. १९५५ मध्ये एडिथ बेनेट यांनी विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं, तेव्हा नुसत्या चर्चेचा फारसा उपयोग दिसला नाही. आपण स्वतः ठरवणं, आणि सोबतच्या बहुतेकजणीही तयार आहेत असं दिसणं, हे मात्र कामाला आलं.