वाईनची चव नाकाला कळते, हे २०० वर्षांपूर्वी लिहून ठेवणारा न्यायाधीश

सर्दी झाली की आमटी पाणचट लागते आणि चहा नुसताच गोड. जीभ तर ठणठणीत असते. मग चव जाते कुठे?

याच सर्दीवरून फ्रान्समधल्या एका न्यायाधीशाने चवीचं कोडं सोडवायला घेतलं. नाव, ज्याँ आन्तेल्म ब्रिया-सावारँ.

१७५५ साली बेले गावात, वकिलांच्या घरात त्याचा जन्म झाला. तोही वकील झाला, १७८९ साली लोकप्रतिनिधी म्हणून गेला, पुढे गावचा महापौर झाला. पण राज्यक्रांतीत मुंडकी उडायला लागली आणि त्याला जीव मुठीत धरून पळावं लागलं. आधी स्वित्झर्लंड, मग थेट अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये पठ्ठ्या फ्रेंचच्या शिकवण्या घ्यायचा आणि नाटकाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा. १७९६ ला परतला, तर त्याचा द्राक्षमळा जप्त झालेला! पुढे मात्र तो फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयात बसला, तो शेवटपर्यंत.

डिसेंबर १८२५ मध्ये त्याने चवीवरचं पुस्तक स्वखर्चाने छापलं. वर नाव घातलं नाही. न्यायाधीशाने जेवणावर लिहिणं तेव्हा शोभलं नसावं.

त्याचं म्हणणं असं, की वास आणि चव ही दोन नव्हे, एकच इंद्रिय आहे. नाक चोंदलं की चव जाते, नाक दाबून खाल्लं तरी तेच होतं. वाईनचा घोट तोंडात असतो तोवर मजा अर्धीच. तो घशाखाली उतरला की खरा सुगंध उलगडतो.

आणि होतंही तसंच. गिळताना तोंडातली गंधाळलेली हवा घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखता येतं. वाईनमधली बेरी, व्हॅनिला, ओली माती हा सगळा नाकाचा कारभार. ग्लास गोल फिरवतात तेही वास मोकळा व्हावा म्हणून, निव्वळ स्टाईल नाही. नाकातल्या गंधग्राहकांची जनुकं मात्र १९९१ साली सापडली. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना त्यासाठी २००४ चं नोबेल मिळालं.

ब्रिया-सावारँला पुस्तकाचं कौतुक फार बघता आलं नाही. २१ जानेवारी १८२६ ला सोळाव्या लुईच्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेला तो सर्दी असूनही गेला. चर्चमध्ये कडाक्याचा गारठा होता. सर्दी छातीत उतरली आणि २ फेब्रुवारीला तो गेला.